सत्तरच्या वर किती बोटं

डोंगरकड्याच्या अलीकडं मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून गाड्या तांड्यावरून वळवल्या होत्या. आणि तांड्याच्या तोंडाशी लोकांनी आपल्या हातानं एक स्पीडब्रेकर घातलेला. ट्रॅक्टरला तो जाणवायचासुद्धा नाही. पण सपना नांदेडच्या शोरूममधून जी गाडी घेऊन फिरत होती, तिचं पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नव्हतं. मार्चमधल्या त्या दुपारी पुढची चाकं ब्रेकरच्या पल्याड गेली, मागची अल्याड राहिली, आणि पंच्याहत्तर लाखांची नवीकोरी स्पोर्ट्स सेडान मधोमध बसली ती बसलीच.

सपना खाली उतरली. आजूबाजूला शेतांत हळद शिजत होती, तिची वाफ नाकात जात होती. आधीच तिचा दिवस वाया गेला होता. हिंगोलीच्या एका व्यापाऱ्यानं गाडी चालवून बघितली, गाडीसोबत सतरा फोटो काढले, चहा पाजला आणि 'बघू' म्हणाला. चार वर्षं गाड्या विकणाऱ्या माणसाला 'बघू'चा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

समोरून एक जेसीबी आला आणि थांबला. त्यातून तिशीच्या आतला एक उंचेला माणूस उतरला. त्यानं आधी गाडीखाली वाकून बघितलं, मग सपनाकडं बघितलं. दुसऱ्या बघण्याला जरा जास्त वेळ लागला, हे तिच्या लक्षात आलं.

"मॅडम, गाडी तुमची हाय का?"

"कंपनीची."

"मंग तोंड काहून उतरलंय एवढं?"

"जेसीबी लावू नका हं," सपना घाईनं म्हणाली. "एक ओरखडा आला तरी माझ्या पगारातून जाईल."

"गाडीला कोन हात लावून राहिलंय? ब्रेकरच उकरतो की. मह्याच बापानं घातलाय."

आणि खरंच त्यानं टिकाव घेतला. अर्धा तास घाम गाळून बापानं घातलेला ब्रेकर पोरानं काढला. गाडी सुटली. सपनानं पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं ती एका दमात रिकामी केली आणि विचारलं, "किंमत काय हिची?"

सपना पाढे म्हणावेत तशी सुरू झाली. एक्स-शोरूम त्रेसष्ट, आरटीओ सव्वाआठ, विमा अडीच, वाढीव वॉरंटी आणि कर धरून ऑन-रोड पंच्याहत्तर लाख.

"परत एकदा सांगा."

"कुठलं समजलं नाही, सर?"

"समजलं सगळं. ऐकायला बरं वाटलं."

तिनं कपाळाला आठी घातली, पण कार्ड दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. नाव देविदास. तांड्यावरचाच. बाप नेमसिंग आधी ऊस तोडायचा, मग मुकादम झाला, आता घरात तीन ऊसतोडणी यंत्रं आणि पाच जेसीबी होते.

"चालवून बघायला पैसे पडतेत का?"

"नाही, सर. टेस्ट ड्राइव्ह मोफत असते."

"किती खेपा?"

"गाडी घ्यायची की नाही ते ठरेपर्यंत."

"मंग ठरवायची घाई कामून करावी..." देविदास म्हणाला आणि जेसीबीवर चढला.

पहिली खेप झाली गुरुवारी. देविदास धुतलेला पांढरा शर्ट घालून फाट्यावर उभा. दहा टनांचं यंत्र खेळण्यासारखं फिरवणारा हा गडी, पण या गाडीच्या स्टिअरिंगला त्यानं हात असा लावला की जणू कुणी झोपलंय. सपना शेजारी बसून गुण सांगत होती. शून्यावरून शंभरला साडेचार सेकंद. स्पोर्ट मोड. सीटमधून थंड हवा.

"दाबा ना, सर. पॉवर कळायची नाही अशानं."

"साडेचार सेकंदांत सगळंच उरकतंय. मंग उरलेल्या रस्त्यात बोलावं काय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. हसू आलं होतं, आणि गिऱ्हाइकासमोर हसण्याचे दोन प्रकार असतात. हा कंपनीनं शिकवलेला नव्हता.

दुसऱ्या खेपेला त्याला डिकी बघायची होती. डिकी बघायला पाच मिनिटं लागतात. त्यानं बाळापूरपर्यंत जाऊन चहा पिऊन, मग बघितली. तिथं सपनाचं पुस्तकी मराठी गळून पडलं आणि वसमतचं बोलणं बाहेर आलं. तिनं सांगितलं की घरी आई सोजराबाई एकट्याच असतेत, शाळेत सैंपाक करून त्यांनीच तिला शिकवलं. आपण बौद्ध आहोत हेही तिनं सांगून टाकलं, उगाच पुढं कुणाला धक्का नको म्हणून. देविदासनं मान हलवली आणि म्हणाला, "चहात साखर कमी हाय." याला काय म्हणावं ते सपनाला कळेना. पण त्या रात्री तिला नीट झोप लागली, एवढं खरं.

तिसऱ्या खेपेला मात्र गोष्ट गंभीर झाली. ती आपण होऊन झाली नाही, सपनानं केली. तिला लपवाछपवी जमत नव्हती.

"देविदास, एक सांगायचं राहिलं. मला पुण्याच्या शोरूमला जागा मिळायची आहे. टीम लीडर. दोन वर्षं मागतेय. मॅनेजर म्हणाले, या महिन्यात ही गाडी एक रुपयाची सूट न देता विकलीस तर एप्रिलपासून जा. सूट दिली, तर ती जागा दुसऱ्याला."

"आन् सूट किती देता येतीय?"

"न विचारता तीन लाख. बहात्तरला मी सौदा तोडू शकते. पण मग..."

"मंग नांदेडच."

"हो."

साडेतीनशे घोड्यांची ती गाडी त्यानंतर फाट्यापर्यंत चाळीसच्या वर गेली नाही. एक मालाचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढं निघून गेला. उतरताना तो एवढंच म्हणाला, "आईतवारी घरी या. बापू भाव करतेल."

म्हणजे असं होतं बघा. गाडी पूर्ण भावात विकली तर सपनाला पुणं मिळणार आणि देविदास सुटणार. सूट दिली तर देविदास राहणार आणि पुणं सुटणार. सपनानं तीन दिवस हा हिशेब उलटासुलटा करून बघितला. त्याचं उत्तर बरं येत नव्हतं.

रविवारी ती कागदपत्रं घेऊन तांड्यावर गेली. नेमसिंग सत्तरीचा, खांद्यावर जाड पांढरा रुमाल. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायर दाबून बघितलं, बॉनेट थोपटलं.

"चाल बरी हाय," तो म्हणाला. "पर लई ठेंगणी. बसा."

ओसरीवर चटई होती. देविदासची आई जिवनबाई पाणी देऊन दाराला टेकून उभी राहिली. ओट्याखाली तांड्यातली आठ-दहा माणसं गाडी बघायला जमलीच होती. सपनानं कोटेशनचा कागद पुढं केला. नेमसिंगनं तो बाजूला सारला.

"मपला बाप बैलाचा व्यापारी होता, पोरी. चौघांत भाव बोलायचा न्हाई, हे त्याचं शिकवणं. बोटं धरायची, रुमालाखाली. बैल असू दे न्हाईतर मोटार, म्या दुसऱ्या रीतीनं काई घेत न्हाई. पर तुहा हात म्या धरावा हे बराबर दिसत न्हाई. लेकीच्या वयाची तू."

"मग?"

"देविदास धरंल."

दारातल्या जिवनबाईनं पदर तोंडाला लावला. नेमसिंगनं पोराच्या कानात काहीतरी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं म्हणायला हरकत नाही, कारण 'दोनाच्या वर जाऊ नको' हे ओट्याखालच्यांनाही ऐकू गेलं.

"तुला रीत ठाऊक न्हाई, समजावून सांगतो," नेमसिंग सपनाला म्हणाला.

"ठाऊक आहे. माझे आजोबा रामजी वसमतच्या बैलबाजारात पावत्या फाडायचे. लहानपणी माझ्याशी खेळायचे. सत्तर धरलेले. त्याच्या वर जितकी बोटं, तितके लाख."

म्हातारा पहिल्यांदा नीट तिच्याकडं बघत म्हणाला, "हाव. बराबर."

दोघं समोरासमोर बसले. मध्ये रुमाल टाकला. सपनाचा उजवा हात आत गेला आणि त्याच्या हाताशी लागला. खरखरीत हात, गार पडलेला. पाच जेसीबींचा मालक घाबरला होता.

रीत अशी की विकणाऱ्यानं आधी भाव सांगायचा. तिनं त्याची पाची बोटं धरली. पंच्याहत्तर.

आता त्यानं एक धरायचं. मग तिनं चार, त्यानं दोन, असं चालायचं. देविदासनं तिची बोटं धरली. एक नाही, दोन नाही. पाची.

याला रीत येत नाही असं तिला वाटलं. तिनं हात सोडवून परत विचारल्यासारखं केलं. त्यानं परत पाची धरली, आणि या वेळी घट्ट.

तेव्हा तिला कळलं. हा माणूस तिला पुणं देऊन टाकत होता. बापाच्या शब्दाबाहेर जाऊन, सगळ्या तांड्यासमोर, एक बोटही कमी न करता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. असं कुणी तिला कधी काही दिलं नव्हतं.

तिनं त्याची तीन बोटं बाजूला केली आणि दोनच धरली. बहात्तर.

देविदासचा हात दचकला. दोन म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. त्यानं मान हलवली, पाच. तिनं दोन. त्यानं पाच. कुठल्या बैलबाजारात असा सौदा झाला नसेल. घेणारा भाव चढवतोय आणि विकणारी पाडतेय. वरून बघणाऱ्यांना फक्त रुमाल हलताना दिसत होता.

"लई ताणलंय," ओट्याखालचा एक जण कौतुकानं म्हणाला.

"देविदास," सपना ओठ न हलवता म्हणाली, "दोन घ्या. मी नांदेडलाच राहते."

"न्हाई."

"मला राहायचंय."

"दोन वर्षं वाट बघितली ना तुमी त्या जागेची? ती मह्यापायी गेली, तर उद्या भांडणात हेच काढून दाखवसाल."

"भांडण कुठून आलं मध्येच?"

"लग्नात होतंच की..." देविदास बोलून गेला, आणि बोलून गेल्यावर कानापर्यंत लाल झाला.

रुमाल हलायचा थांबला. सपनाला एकाच वेळी हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि समोर आठ-दहा माणसं तिच्या तोंडाकडं बघून गाडीचा भाव ओळखायचा प्रयत्न करत होती.

"पुणं आठ तासांवर आहे," ती कशीबशी म्हणाली.

"मंग गाडी कशासाठी घेऊन राहिलो म्या?"

"मला पुण्याला जायचंय, देविदास. मनापासून जायचंय. आणि तुम्हालाही सोडायचं नाही. दोन्ही पाहिजे."

"दोन्ही घ्या. म्या कुठं भाव करून राहिलो?"

तिनं एक श्वास घेतला. मग त्याची पाची बोटं आपल्या मुठीत धरली आणि मान वर करून नेमसिंगला म्हणाली, "सौदा झाला."

"किती?" नेमसिंगनं पोराला विचारलं.

"पाच."

"दोन सांगितले व्हते म्या तुला."

"व्हय."

"मंग?"

"पाचच बराबर होते, बापू."

ओट्याखाली कुजबुज झाली. तीन लाख कमी करायचं सोडून पोरानं एक दमडी सोडवली नाही, म्हणजे बापाचं नाक कापलं. नेमसिंगनं पोराच्या तोंडाकडं बघितलं, पोरीच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग बराच वेळ रुमालाकडं बघत राहिला.

"सौदा झाला की हात सोडत असतेत, लेकरा," तो म्हणाला.

कुणीच सोडला नाही.

"पन्नास वर्षं रुमाल बघून राहिलोय. झाल्यावर हात न सुटलेला सौदा हा पहिलाच." तो जिवनबाईकडं वळला. तिला हे बापाच्या आधी कळलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. "तू काहून बोलली न्हाईस?"

"तुमी भाव करून राहिले व्हते. मधात कशाला बोलू?" जिवनबाई म्हणाली.

नेमसिंगनं कोटेशनचा कागद उचलला, उलटा केला आणि कोरी बाजू सपनासमोर ठेवली. खिशातून पेन काढून वर ठेवलं.

"मॅडमचं घर वसमतला हाय म्हणं. पत्ता लिव्ह, पोरी. तुह्या माईला भेटाया येतो. तांडा बोलंल, तुमचे लोकबी बोलतेल, म्या ऐकून घेईन. पर ते बोलणं रुमालाखाली होत न्हाई. ते चौघांत, मोठ्यानं करावं लागतं."

"आणि पुणं?" सपनानं विचारलं. देविदासनं बापाला त्या जागेचं दोन शब्दांत सांगितलं.

"पुण्याचे पैसे तर भरले की पोरानं. आता जा, न्हाईतर तीन लाख वाया."

सपनानं पत्ता डाव्या हातानं लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण उजवा हात अजून मोकळा नव्हता.