सत्तरावा गुलाब

लोकरीची उशी, मधोमध दबलेली.

शहाजिरं घातलेलं चीज आणि काळा पाव. ताटात तसेच.

लिएपाया गावच्या बंदरावरचा वारा. टोपी मागत नाही, घेऊनच जातो.

रिगाच्या बसमधून उतरलेली एक मुलगी. घराकडे न वळता ती थेट नाट्यगृहात गेली.

उशी वेल्टाची. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांखालच्या खोक्यात, दहा वर्षं तिच्यावर बसून ती नटांना विसरलेले संवाद पुरवत आली होती. पाव-चीज सकाळी तिच्यापुढे सारलं होतं ते आल्विल्सनं, तिच्या नवऱ्यानं. इथला दिग्दर्शक तोच, मुख्य नटही तोच; आज त्याच्या सत्तरीचा खेळ. पण वेल्टाच्या घशाखाली घास उतरेल तर ना! कारण ती मुलगी, तिची झिंत्रा, आज सज्जात बसणार होती... नऊ वर्षांनी!

"बाबांनी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही, आई," असं, वर्षभर आईची ती गत पाहून, बजावून गेलेली लेक... तिला बिचारीला काय ठाऊक?

गावाला ठाऊक होतं ते एवढंच, की ऐन रंगीत तालमीच्या दिवशी आल्विल्सनं बायकोची भूमिका काढून तरण्या मिल्डाला दिली आणि बायकोला फळ्यांखाली घातलं. "काय गं वेल्टा, नवऱ्याच्या पायाशी तरी जागा मिळाली ना?" बाजारात मासे निवडता निवडता बायका विचारत. वेल्टा हसून पिशवी उचले. खरं तर तापातून उठलेल्या आल्विल्सच्या डोक्यातून वाक्यंच्या वाक्यं पुसली जाऊ लागली होती, आणि तिनंच त्याचे गार पडलेले हात धरून म्हटलं होतं, "माझं काम मिल्डाला दे. मी खाली बसते. अडलास की माझ्याकडे बघ." त्यानं शपथ घातली होती... कुणालाही सांगायचं नाही, लेकीलासुद्धा नाही! बोलावं तर नवऱ्याचं आयुष्यभराचं नाव जातं, न बोलावं तर पोटची पोर. या दोन दगडांमध्ये तिचं काळीज दहा वर्षं दळलं जात होतं.

शेवटच्या प्रवेशात तो अडलाच. खालून तिनं ओठ हलवले. तो तरला. पडदा पडला, पुन्हा उघडला.

मग नगरपालिकेचा तरुण अधिकारी भला मोठा गुच्छ घेऊन आला आणि उत्साहानं ओरडला, "सत्तर वर्षं, सत्तर गुलाब!"

सभागृहात एकच कुजबुज उठली. सम संख्येची फुलं कबरीवर वाहायची, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं!

"अहो साहेब, म्हातारा अजून चालतोबोलतो! एवढी कसली घाई?" झानिस या जुन्या विनोदी नटानं चटकन एक गुलाब उपसून आल्विल्सच्या हातात कोंबला. "आता हा कुणाला द्यायचा ते तुझं तू बघ."

"मिल्डाला! मिल्डाला!" मागून कुणीतरी खिदळलं. मिल्डानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

वेल्टानं मान खाली घातली... आणि वर पाहिलं तेव्हा खोक्याच्या तोंडाशी आल्विल्स गुडघे टेकून बसला होता.

"वर ये."

"वेडा आहेस का? लोक बघताहेत!"

"बघू देत. लवकर ये, गुडघे मोडले माझे."

तिला वर घेऊन त्यानं गुलाब तिच्या हातात दिला आणि तो हात धरूनच तो लोकांकडे वळला. "मंडळी, दहा वर्षं तुम्ही ज्याला टाळ्या दिल्यात, त्याला एक पानही पाठ राहत नाही. माझं प्रत्येक वाक्य हिनं दिलंय. माझ्यासाठी हिनं स्वतःचं काम सोडलं, आणि मी... मी भित्रा! गावानं हिला हसावं आणि मी गप्प बसावं! वेल्टा, मला माफ कर."

मग सगळं सभागृह उभं राहिलं, आणि सज्जातून उतरून, त्या उभ्या गर्दीतून वाट काढत झिंत्रा धावत आली.

"आई! मला तरी सांगायचंस गं... नऊ वर्षं मी..."

"शपथ होती, बाळ."

"आणि बाबा, तुम्ही तर..."

"दे, शिव्या दे. फक्त सावकाश दे, म्हणजे एकही विसरणार नाही."

रडता रडता झिंत्राला हसू फुटलं. वेल्टानं दोघांना कवेत घेतलं; दहा वर्षं कोंडलेला श्वास हुंदका होऊन सुटला. काय हलकं वाटत होतं... देवा, काय हलकं!

"घरी येतेस ना गं?"

"चल, आई."

मिल्डाला हे पहिल्या प्रयोगापासून ठाऊक होतं; त्याच्या प्रत्येक वाक्याआधी खाली वेल्टाचे ओठ हलत, ते ती रंगमंचावरून पाहत आली होती.