वाढलेली चित्रं

पडद्यावरच्या आजीचा खालचा ओठ चार मिलिमीटर खाली होता. स्वप्नानं पट्टी काचेला लावून मोजलं, वहीत लिहिलं आणि कळ दाबून पुढचं चित्र आणलं. इथं सहा. त्यापुढच्यात ओठ मिटलेले.

जिनेशच्या यादीत हा प्रसंग अठरा चित्रांचा होता. तिच्या पडद्यावर पंचवीस होती.

साताऱ्याच्या मूकबधिर शाळेत ती विज्ञान शिकवायची. पाणी का उकळतं, हे मुलांना ओठ वाचून कळावं म्हणून ती आणि सांगलीचा जिनेश मिळून एक लहानसा चित्रपट करत होते. चुलीपुढं बसलेली आजी त्यात बोलायची. जिनेश कॉम्प्युटरवर चित्रं काढून फ्लॉपी पहाटेच्या एसटीनं पाठवायचा, स्वप्ना ओठांच्या हालचाली तपासायची. अडचण एकच. त्याच्याकडं सॉफ्टवेअरचं चौथं व्हर्जन होतं, शाळेत दुसरं. जुन्यात उतरवताना कधी रंग जायचे, कधी चित्रं.

शाळेचा फोन आणि एकुलता कॉम्प्युटर एकाच टेबलावर होते. तिनं नंबर फिरवला.

"मॅडम, तुमचं व्हर्जन म्हंजे आमच्या तात्यासाहेबांची स्कूटर," जिनेश हसला. "चढ आला की सामान उतरवायचं."

"उतरलं नाही, वाढलंय. सात चित्रं."

पलीकडचं हसू थांबलं. "मी काढली न्हाईत, मॅडम. वाढतील कशी? परत पाठवतो."

ओठ वाचायला तिला शाळेनं शिकवलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी गळ्याच्या ऑपरेशनात आईचा, बायडाबाईचा, आवाज गेला. तेव्हापासून कुंडलच्या घरात सगळे तिचे ओठच ऐकत. आता आई चाळीस दिवसांपासून सांगलीच्या दवाखान्यात होती. तोंडात नळी, श्वास यंत्राचा. काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. घरी न्यायचं का, एवढंच ते विचारत. म्हणजे काय विचारतात, ते भावाबहिणींना कळत होतं.

रोज साडेदहाला धाकटा भाऊ मिलिंद दवाखान्यासमोरच्या बूथवरून फोन करायचा.

"ताई, डॉक्टर आजबी इचारत हुते."

"मग?"

"ताई सांगंल म्हनलो. तू शिकल्याली. मला न्हाई गं जमायचं."

"कळवते," ती बुधवारीही म्हणाली.

बुधवारची फ्लॉपी तिनं दुपारी लावली. एकतीस चित्रं. वाढलेली तेरा तिनं सलग फिरवली. मोजमाप करायचं, वाचायचं नाही, असं ठरवूनही वाचलं गेलंच.

कळवते. कळवते. किती दिस?

तिनं फाइलची वेळ पाहिली. आदल्या रात्रीची. फ्लॉपी सांगलीहून सुटली पहाटे. आणि 'कळवते' हा शब्द ती याच टेबलावर बोलली होती सकाळी साडेदहाला. मग तिला आठवलं, ती तो रोजच बोलत होती. या स्पष्टीकरणाला ती तासभर धरून बसली.

जिनेशला तिनं शब्द सांगितले नाहीत. तो वैतागला होता. "आता तोंडच पुसून पाठवतो बघा. नुस्ता चेहरा. मग काय वाढतंय बघू."

शुक्रवारी तिनं स्टँडवरून फ्लॉपी आणली, ती सव्वादहाला. शाळा प्रार्थनेला मैदानात होती. मुलं हातांनी प्रार्थना म्हणत होती, त्यामुळं आवाज कसलाच नव्हता. वर्तुळाकार, कोरा चेहरा हळूहळू पडद्यावर उतरला. तिनं कळ दाबली.

दुसऱ्या चित्रात तोंड होतं.

ओठांच्या डाव्या कोपऱ्यापासून गालावर चौकोनी, फिकट पट्टा होता. नळी जागेवर राहावी म्हणून लावलेली चिकटपट्टी रोज बदलताना आईच्या गालावर असाच वळ उमटायचा. जिनेशनं आईला कधी पाहिलं नव्हतं.

तिनं कळ दाबली. ओठ एकदा उघडले.

सांग.

पुन्हा दाबली.

सांग.

फोन वाजला.

"ताई," मिलिंदचा आवाज बसला होता. "डॉक्टर आत वाट बघत थांबल्यात. काय सांगू?"

तिनं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. कळीवर बोट नव्हतं.

पडद्यावरचं चित्र बदललं. ओठ उघडले, आणि तसेच थांबले. स्वप्ना श्वास घेईपर्यंत.

"मिलिंद," ती म्हणाली, आणि पडद्यावरचे ओठ तिच्याबरोबर, एकही अक्षर मागं न राहता हलत गेले, "आईला आज घरी न्यायचं."