एकटेपणावाल्या मॅडमच्या किल्ल्या

विद्यापीठात माणसाला नाव नसतं, विषय असतो. मानसशास्त्र विभागात एक भीतीवाले सर होते, एक झोपवाले सर होते (ते वर्गालाही झोपवायचे) आणि तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत, एकटेपणावाल्या मॅडम. मुलं प्रेमानंच म्हणायची तसं. पण रोज कुणीतरी दाराशी 'एकटेपणा आल्या का?' विचारत असेल, तर ते कानात साचतंच. विभागाच्या वेबसाइटवर तिच्या फोटोखाली लिहिलेलं होतं, अध्यापन आणि संशोधनाची आवड : एकटेपणा. आवड म्हणे! जणू हौसेनं पाळलाय.

त्या दुपारी भीतीवाले सर धापा टाकत तिच्या खोलीत शिरले. ओळख वाढली की माणसाची भीती किती उतरते, हे ते शोधत होते. दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसून एकमेकांना प्रश्न विचारायची. त्यातलं एक सरांनीच पेरलेलं असायचं, उत्तरं पाठ करून आलेलं. आज पेरायची मुलगी तापानं आडवी झाली होती आणि दुसरा माणूस येऊन बसला होता. सरांनी उत्तरांचा कागद तिच्या हातात कोंबला.

दोन खुर्च्या, मधे टेबल, काचेवर बारीक पाऊस. समोरचा माणूस दातांचा डॉक्टर निघाला. कानांजवळचे केस पिकलेले, बाहीला लवंगेच्या तेलाचा वास.

"इथे कशाला आलात?" तिनं विचारलं.

"बोलायला. दिवसभर माझ्यासमोर लोक तोंड उघडून बसतात हो... पण बोलत कुणीच नाही."

तिला हसू आलं. ते कागदात नव्हतं.

मग त्याची पाळी. घरी परतल्यावर सगळ्यात आधी काय करता? कागद सांगत होता, मुलांना जवळ घेते म्हणा. तिनं वर पाहिलं. त्याच्या नजरेत घाई नव्हती. आपल्या उत्तरासाठी कुणी थांबलंय, हे तिला नवंच होतं.

"मी... दार उघडायच्या आधी किल्ल्या वाजवते," ती म्हणाली. "जोरात. आत कुणी असेल तर कळावं म्हणून. कुणी नसतं — माहीत असतं मला."

तो हसला नाही. त्याचा हात टेबलावर जरासा पुढे सरकला... आणि थांबला.

"मी रेडिओ चालू ठेवून बाहेर पडतो. परत आलो की वाटतं, घरात कुणीतरी भांडतंय. बरं वाटतं."

त्यानंतर कागद टेबलावर उपडाच पडून राहिला.

प्रयोग संपला की पेरलेल्यानं मागच्या दारानं निघायचं आणि सरांनी समोरच्याला खरं काय ते सांगायचं, असा नियम. फसवलेल्याला तसंच घरी धाडू नये म्हणून. ती स्वतः हा नियम मुलांना शिकवायची. पण पेरलेली बाईच खरं बोलून बसली तर काय करायचं, हे नियम करणाऱ्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि बोलण्याच्या भरात तीही नियम विसरली होती; सरांनी तिला मागच्या दारानं बाहेर काढलं, तेव्हा कुठे आठवला.

पातळ भिंतीपलीकडे तो आधी हसला. मग त्याचा आवाज आला, "म्हणजे किल्ल्यांचंही पाठच होतं?"

"सगळंच," सर म्हणाले. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक.

पावलं जिना उतरून गेली. धावायला हवं होतं. माणसांच्या मनावर तासन्‌तास बोलणारी बाई हातात छत्री धरून नुसती उभी राहिली.

पुढचे काही दिवस तिनं एकटेपणावर फार सुंदर शिकवलं. घरी आल्यावर मात्र किल्ल्या मुठीत घट्ट आवळून, आवाज न करता दार उघडायची. शेवटी फोनवर ताईला सगळं सांगून टाकलं. ताई म्हणाली, "तो तुला थापाडी समजतोय आणि तू मला सांगत बसलीस? मला काय दात काढायचेत?"

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं, मी एकही उत्तर तुमचं दिलेलं नाही. सर हादरले. मग ही जोडी प्रयोगातून बाद करावी लागेल, म्हणाले. करा बाद, ती म्हणाली आणि तडक निघाली.

दवाखाना चपलांच्या दुकानावर होता, हे तो बोलण्यात सांगून गेला होता. त्यानं तिला ओळखलं. मास्कच्या वरचे डोळे विझले.

"मला बोलायचंय—"

"आधी दात बघू."

आणि दोन्ही गालांत कापसाचे बोळे. पाठ फिरवून तो अवजारं उगाच इकडची तिकडे करत राहिला.

"छान निभावलंत तुम्ही. त्या दिवशी तुमच्याशी बोलता बोलता मी ठरवलं होतं, आज घरी रेडिओ बंद करायचा. म्हटलं, अशी बाई या गावात आहे... मग कळलं, नव्हतीच."

तिच्या तोंडून नुसतं 'आँ' निघालं.

"एकच सांगा," तो वळला. "त्यातलं काहीतरी खरं होतं?"

तिनं पर्स चाचपली. किल्ल्यांचा जुडगा काढला, वर धरला आणि वाजवला. जोरात, अगदी दाराशी वाजवायची तसा. बाहेर बाकावरची माणसं बोलायची थांबली.

त्यानं मास्क खाली ओढला. एकेक बोळा अलगद काढला.

"बोला आता. मला घाई नाही."

पण घोकून आणलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. तिनं किल्ल्या पुन्हा वाजवल्या... या वेळी हळूच.

"आहे," तो म्हणाला. "आहे मी आत."