पिवळ्या दांड्याचे पितळ

"आजोबा, हातांना गमछा कशाला गुंडाळलात?" नमिताने विचारले.

"करवतीचा दांडा जाम तापलाय गो बाय! काल असा नव्हता," गोटीराम म्हणाले.

शिरवणे गावाला लागून असलेल्या त्या सोसायटीचे ते माळी होते. मे महिन्याचे ऊन मी म्हणत होते. गुलमोहराची एक फांदी कुंपणापलीकडील विजेच्या उघड्या तारेपाशी पोहोचली होती. ती छाटण्यास्तव गोटीराम कालच फायबरचा लांब पिवळा दांडा बसवलेली करवत उचलण्याच्या बेतात होते.

गावातल्या नमिताची सोसायटीत राहणारी वर्गमैत्रीण क्षिप्रा दचकली. "फायबरचा दांडा इतका तापत नाही! हा धातूचा आहे! तारेला लागला, तर आजोबा..."

"वाट्टेल ते बरळू नका!" सचिव दिनानाथ सावलीतील खुर्चीतून गरजले. काम करणाऱ्यास उन्हात व स्वतःस सावलीत ठेवणे, हीच त्यांची कार्यकुशलता होय! क्षिप्राचा धाकटा भाऊ स्वानंद आपली विज्ञानपेटी घेऊन उभा होता. पेटीतील चुंबक हिसकावून दिनानाथांनी दांड्यास लावला. चुंबक टपकन खाली पडला.

"बघा! चिकटत नाही! म्हणजे धातू नाही! शाळेत काय फक्त डबे खायला जाता?"

मुले खदखदून हसली.

"काका, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही!" स्वानंद म्हणाला. "माझं जुनं पुस्तक देऊ का?"

त्याने किल्लीने दांड्याचा पिवळा रंग दोन जागी खरवडला. आत चंदेरी धातू चकाकला! दोन्ही जागी सेल आणि बल्बच्या वायरी टेकवताच बल्ब पेटला. दिनानाथांचा चेहरा मात्र विझला.

"मग काल आणलेला फायबरचा दांडा गेला कुठे?" क्षिप्राने दरडावून विचारले.

"त्यो बग वर!" नमिता ओरडली. "काकांच्या गॅलरीत! आंबं काढायच्या झेल्याला लावलाय!"

"माझा दांडा वाकत होता," दिनानाथ पुटपुटले. "म्हणून फक्त अदलाबदल केली. रंग दिला होता ना सारखा!"

जणू वीज रंग पाहूनच वाट बदलते! असल्या अकलेच्या मनुष्यास सचिवपद कोणी दिले, हाच प्रश्न आता उरला होता.

गलबला ऐकून अध्यक्षा वैजयंतीबाई खाली आल्या. सर्व वृत्तांत ऐकून त्या थंडपणे म्हणाल्या, "दिनानाथ, आंबा हुकला असता तर दुसरा मिळाला असता. गोटीराम कुठून आणला असतात? आणि दांडा कसलाही असो, तार चालू असताना तिच्याजवळ करवत न्यायची नाही! आधी वीज कार्यालयाला कळवा. फोन तुम्हीच करा, उन्हात उभे राहून!"

दुपारी वीज कर्मचाऱ्याने वाहिनी बंद केली व तपासून होकार दिला. तदनंतर करवतीला फायबरचा दांडा पुन्हा बसवून गोटीरामांनी शिरस्त्राण व चष्मा चढवला. ते फांदीखाली नव्हे, तर बाजूला उभे राहिले. साल सोलवटू नये म्हणून प्रथम खालून अर्धवट काप, मग वरून! फांदी धप्पकन पडली. मुलांनी सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीबाहेरून टाळ्या पिटल्या.

"मोठ्यांचे डोळे उघडलेत तुम्ही!" वैजयंतीबाई म्हणाल्या.

गोटीरामांनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

"आज मी घरा जेवाला जाताव, ते तुमच्यामुलं, पोरांनो!"