पोखऱ्याची सफाई

देवव्रत त्या दिवशी चहा घेऊन निघाला तो नेहमीच्याच कामाला. दुर्गाघाटाच्या गल्लीतून बाहेर पडायचं, ऑटो धरायची, शहराबाहेरच्या पोखऱ्यावर जायचं आणि तिथल्या मल्लाहांकडून, नावाड्यांकडून, जलपर्णी उपसून घ्यायची. बँकेतून रजा त्याने त्यासाठीच काढली होती. लोक म्हणत, तळं साफ करतोय, पुण्याचं काम आहे. कसलं पुण्य आणि कसलं काय! त्याला त्याचा भाऊ हवा होता.

थोरला भाऊ यज्ञेश पावसाळ्यात त्याच पोखऱ्यात बुडाला होता. ही जलपर्णी मोठी लबाड जात. वरून पाहावं तर हिरवंगार मैदान, जांभळी फुलं डोलताहेत. खाली मुळांचं असं जाळं, की अडकलेला माणूस सुटायचा नाही. पाणबुड्यांनी हात टेकले. शेवटी भिक्षुकी करणाऱ्या काकांनी घाई केली. पळसाच्या पानांचा देह बांधला, घाटावर त्यालाच अग्नी दिला आणि दिवसकार्य उरकलं. प्रेत सापडलं नाही की असंच करतात. आई मात्र तेव्हापासून धड जेवली नाही, झोपली नाही. "पानं जाळलीत तुम्ही," एवढंच म्हणायची. निदान एक हाड तिच्यापुढे ठेवावं, म्हणजे बिचारी रडून मोकळी होईल, याचा देवव्रतने ध्यास घेतला होता.

पौषातलं धुकं दुपार झाली तरी हटेना. समोरचा काठ दिसत नव्हता. कुजक्या मुळांचा आंबूस वास नाकात बसला होता, आणि पाण्यात कुठेतरी सारखं बुडबुड चाललं होतं. मल्लाहांचा मुकादम विश्वजीत दोराचा फास टाकून जलपर्णीचा एकेक पट्टा काठाकडे ओढून घेत होता. ती नुसती कापून भागत नाही; एक देठ राहिला तरी पुन्हा पसरते, म्हणून मुळासकट ओढावी लागते.

एक पट्टा मात्र ऐकेना. सगळे लागले तरी ओढला तेवढा येई, आणि दोर सैल पडला की मागे जाई. पलीकडून कुणी धरून बसल्यासारखा.

विश्वजीत हळूच म्हणाला, "भइया, आज रहने दीजिए... ई ठीक नहीं लग रहा."

"खींचो," देवव्रत म्हणाला.

आणि पट्टा एकदम सुटून आला. माणसं चिखलात बसली. उलटलेल्या मुळांच्या जटांमध्ये हाताची हाडं होती, आणि एका बोटात सोन्याचं पवित्रक. यज्ञेशच्या मुंजीत आईने करून घातलेली ती अंगठी. मल्लाह हात जोडून मागे सरले. देवव्रतने अंगठी काढून मुठीत धरली आणि तो ढसाढसा रडला. सुटलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

"आई... दादा सापडला."

"माहीत आहे रे," आई म्हणाली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज इतका मऊ झाला नव्हता. "आत्ताच घरी आला. ओलाचिंब आहे. काकांना बोलू नकोस, घाबरतील."

देवव्रत ताडकन उठला. "आई, दार उघडू नकोस..."

"उघडलं की. माझा मुलगा तो. क्रिया झालेला माणूस परत आला, तर त्याला तुपात न्हाऊ घालून नव्याने जन्माला घालायचं असतं. पुन्हा जातकर्म, पुन्हा बारसं. काकांच्याच पोथीत आहे. तूप कोमट केलंय मी..." मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "देवू, तो म्हणतोय, पवित्रक तुझ्या मुठीत आहे. तेवढं घेऊन लवकर ये. बारशाला लागेल."

देवव्रत काही बोलणार, तोच फोनमधून रडणं ऐकू आलं. ट्यांहां, ट्यांहां, अगदी तान्ह्या पोराचं. पण आवाज घोगरा होता, मोठ्या माणसाचा. आई त्याला थोपटत होती.