तपकिरी थर

ती दगडांच्या कोठारात शिरली, तेव्हा समोर एक माणूस चक्क दगड चावत उभा होता.

"अहो! डबा विसरलात की काय?"

"पोत बघतोय," तो जराही न ओशाळता म्हणाला. "दातांखाली कचकचलं तर वाळू. नाही कचकचलं, तर तळ्याच्या तळाशी निवांत बसलेला गाळ. बघा तुम्हीपण..."

तिनं बघितलं! आणि दोघंही हसत सुटली. हा प्रयोगशाळेतला भट्टीवाला. दगडाची पूड तापवून त्यात किती तेल आहे ते मोजणारा. ती नवी भूवैज्ञानिक, सहा महिन्यांच्या बोलीवर आलेली. कधीच बुजून गेलेल्या एका तळ्याच्या गाळात तेल तयार करणारा उत्तम थर कोणता, ते तिनं ओळखायचं होतं. चुकली की नोकरीला रामराम.

नमुने पाठवून दिले असते तरी भागलं असतं. पण छे! रोज स्वतःच घेऊन जायची.

निवडलेला थर साहेबांना दाखवायच्या बैठकीच्या दिवशी दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. एरवी बडबड करणारा माणूस, आज शब्द शोधत होता.

"तुम्ही निवडलेला तो काळाकुट्ट थर... आकडा फारच चांगला आलाय."

"मग तोंड का पाडलंय?"

"दगडाला गुलाबाचा वास येतोय, मॅडम."

तिनं झटकन स्वतःचे हात हुंगले. दगड धुऊन धुऊन हात फुटले होते, म्हणून ती सारखी क्रीम चोपडत होती – आणि त्याच हातांनी नमुने फोडत होती! भट्टीनं तिच्या क्रीमचं तेल मोजलं होतं.

"जेवणाच्या सुट्टीत सगळ्या दगडांचे आतले तुकडे काढून पुन्हा तापवले," तो हळूच म्हणाला. "काळा फुसका निघाला. पण तुम्ही बाजूला टाकलेला तपकिरी, कागदासारखे पापुद्रे सुटणारा... तो अस्सल आहे. तळ्यातलं शेवाळ त्यात छान मुरलंय. हे घ्या, जुन्या आणि नव्या आकड्यांचे दोन्ही कागद. कुणाला बोललो नाही मी. कोणता दाखवायचा, तुम्ही ठरवा."

नवा कागद गुपचूप पुढे सरकवला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिचं मन होईना. तिनं दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले.

"चूक माझी. पकडली भट्टीवाल्यांनी."

साहेबांनी दोन्ही कागदांवरचे आकडे ताडून पाहिले. "चूक लपवली असतीत, तर आजच घरी पाठवलं असतं," ते म्हणाले. "नोकरी पक्की. आणि हातमोजे घ्या आधी!"

बाहेर तो ताटकळत उभा होता. "काय झालं?"

"राहिले..." तिचे डोळे भरून आले. "कसे आभार मानू तुमचे?"

"आभार कसले, माझं कामच –"

"थांबा, बोलू द्या मला! नोकरी वाचली, त्याचे आभार आहेतच. पण न ओरडता, न लाजवता खरं सांगितलंत ना... असं माणूस आयुष्यभर जवळ असावं, असं वाटलं. तुम्ही आवडता मला. फार."

तो कानापर्यंत लाल झाला.

"रविवारी... आईला घेऊन तुमच्या घरी आलो, तर चालेल?"

"रविवारी?" ती डोळे पुसत हसली. "अहो, आज बुधवार आहे! तोवर मी काय करू?"