येझदीचे सुटे भाग

"मशीनवाला कुठंय हो?"

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. मी हातातली समई बाजूला ठेवली, मशीन बंद केलं आणि गॉगल कपाळावर सरकवला.

"बोला. मीच."

दारात एक तरुण उभा होता. पावसात पळत आला असणार, कारण केसांतून पाणी निथळत होतं. शर्टाच्या आत मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं छातीशी घट्ट धरलं होतं. स्वतः ओलाचिंब, आणि ते पुडकं कोरडं ठणठणीत!

लोहाऱ्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. मागच्या खोलीत पॉलिशचं मशीन. अप्पांचा खांदा आखडला तेव्हापासून ते मी चालवते. देवळातल्या समया, घागरी, पालखीचे पितळी दांडे… सगळं माझ्याच हाताखालून जातं. बी.कॉम. झाल्यावर लोकांनी विचारलं, आता बँकेच्या परीक्षा देणार का? मी म्हटलं, न्हाय. मला हेच आवडतं.

"येझदीच्या इंजिनाचं झाकण आहे," तो पुडकं सोडत म्हणाला. "काकांची गाडी. ईटला, आमच्या गावी, गोठ्यात पडून होती. मी इथं कृषी सहायक आहे, राजशेखर. खोलीवर आणून सगळी खोललीये… चमकेल का हे?"

मी अंगठ्यानं त्यावरची राखाडी पुटं खरवडली. "ॲल्युमिनियम आहे. चमकणार न्हाय तर जाईल कुठं?"

कापडी चाकाला पॉलिशचं मेण लावलं आणि झाकण हलक्या हातानं टेकवलं. काळी भुकटी उडाली, माझ्या गालावर, स्कार्फवर, थोडी त्याच्या ओल्या शर्टावरही. पण तो मागं सरकला नाही. पुसून हातात दिलं, तर तो बघतच राहिला.

"अहो, यात मी दिसतोय की!"

"त्याला माझा इलाज न्हाय."

क्षणभर त्याला कळलंच नाही. मग असा मोकळा हसला, की पुढं गल्ल्यावर बसलेल्या अव्वानं, माझ्या आईनं, मान वळवून पाहिलं.

पुढच्या शनिवारी तो चाकाच्या ड्रमचं झाकण घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसऱ्या चाकाचं. मग हँडल.

"हे मशीनला लावायचं न्हाय," मी म्हणाले. "क्रोमचा थर पातळ असतो, चाकानं तोच निघून जाईल. बसा त्या स्टुलावर. हे मऊ फडकं घ्या आणि हातानं पुसा."

"किती वेळ?"

"गंज जाईपर्यंत."

"आणि गंज गेल्यावरही… पुसत बसलो तर?"

मी मशीनचं बटण दाबलं. आवाजात बोलणं ऐकू येत नाही हे बरं असतं. "तर चहा मिळेल!" मी ओरडले. त्याला बरोबर ऐकू गेलं.

त्या दुपारी त्याच्या नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका लागला होता. मी सांगितला नाही. तसाच बाजारातून गेला.

अव्वाच्या नजरेतून काही सुटत नाही. "त्या पोराची गाडी हाय का मालगाडी?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "भाग सरंनातच की!"

मग मीच त्याला विचारलं. "सगळे भाग एकदम का न्हाय आणत तुम्ही?"

तो हँडलाची कड पुसत राहिला. "एकदम आणले तर… एकदाच यावं लागेल."

माझ्या हातातून पितळी तांब्या सुटला आणि खोलीभर घरंगळत गेला. दोघंही तो उचलायला एकदम वाकलो… नको, ते सांगत नाही. कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच.

त्यानंतरच्या शनिवारी त्यानं पुन्हा एक झाकण आणलं. मी ते उजेडात धरलं. अख्ख्या पृष्ठभागावर ताजे ओरखडे.

"हे मी केलेलंच आहे," मी म्हणाले. "यावर खरकागद कुणी मारला?"

कानाच्या पाळ्या लाल. "…मीच."

"का?"

"भाग संपले."

मला हसू आवरेना. तोही हसला, मग एकदम गंभीर झाला. "शिवप्रिया, मला तुमच्याशी…"

आणि नेमकं तेव्हाच धुळाप्पा मामा आत आले. अव्वाचा भाऊ. सोबत लातूरची पाहुणी माणसं, सोमेश नावाचा मुलगा आणि त्याची आई. ते मला बघायला उद्या येणार होते. गाडी आजच मिळाली म्हणून एक दिवस आधीच आले, आणि मी उभी होते काळ्या तोंडानं, गॉगल कपाळावर!

सोमेश चांगला मुलगा होता, खोटं कशाला बोलू. त्यानं नमस्कार केला, मशीनकडं कौतुकानं पाहिलं. त्याची आई मात्र माझ्या हातांकडं बघत म्हणाली, "लग्नानंतर हे काळं काम बंद हं, बाळा."

"न्हाय हो काकू," मी म्हणाले. "बंद होणार न्हाय."

मामांना कुणावर तरी चिडायचं होतं, ते राजशेखरकडं वळले. "आणि हे कोण?"

मी त्याच्याकडं पाहिलं. अव्वानंही पाहिलं.

"मी… गिऱ्हाईक," तो म्हणाला.

पाहुणे चहा घेऊन गेले. मी झाकण तसंच, ओरखड्यांसकट, त्याच्या हातात ठेवलं. "गिऱ्हाईक असाल तर दुकानं पुष्कळ आहेत. दुसरीकडं जा."

तो झाकण घेऊन निघून गेला.

संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं, लातूरला नाही म्हणून कळवा.

"त्या येझदीवाल्यापायी?" त्यांनी खांदा चोळत विचारलं.

"न्हाय अप्पा. माझ्या कामापायी. येझदीवाल्याचं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. मी दिवसभर समया घासल्या, जरा जास्तच जोरात.

रविवारी बाजार भरला होता. मेथीच्या जुड्या, कोंबड्या, जीपवाल्यांच्या आरोळ्या. त्या गर्दीतून एक येझदी फटफटत आली. अख्खी. लाल टाकी, हँडलावर ऊन, आणि माझी सगळी झाकणं जागच्या जागी. ओरखड्यांचं तेवढं एक तसंच निस्तेज होतं. दुकानासमोर येऊन गाडी बंद पडली आणि राजशेखर उतरून थेट अप्पांसमोर उभा राहिला.

"अप्पा, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी गिऱ्हाईक न्हाय."

"मग कोण?"

"ते तुमच्या मुलीला विचारायला आलोय. ती हो म्हणाली, तर आई-वडील ईटहून येतील."

अप्पांनी आधी त्याच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "मग तिला इचार की. म्या कशाला मधी?"

मी हात पुसत पुढं आले. "त्या दिवशी भ्यालात?"

"व्हय," तो सरळ म्हणाला. "पाहुण्यांपुढं तुम्ही नाही म्हणाला असता तर, याची भीती. आज अख्खा बाजार आहे, तरी भीती न्हाय. शिवप्रिया… माझ्याशी लग्न करशील?"

तुम्हीचं तू झालं, आणि ते किती सहज!

"मशीन बंद होणार न्हाय," मी म्हणाले.

"ते मला कशाला सांगतेस? मशीन तुझं."

"आणि बदली झाली तर?"

"बोल्टांवर बसवलेलं मशीन आहे. काढू, टेंपोत टाकू, तिथं बसवू. इथंच राहायचं म्हणालीस, तर मी जाऊन-येऊन करीन."

अव्वा गल्ल्यामागून पुटपुटली, "शहाणा हाय."

"मग चल," मी म्हणाले. "एक चक्कर मारून आण."

त्यानं किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काहीच नाही. कोंबडीवाली गजराबाई खो खो हसली. "चकचकीत लई हाय रं, पर चालती का?"

राजशेखरचा चेहरा पडला. मी ओढणी कमरेला खोचली आणि मागून गाडीला दोन्ही हात लावले.

"धर हँडल. मी ढकलते."

"सगळे बघतायत."

"बघू दे!"

आम्ही धावलो. भर बाजारातून, मेथीच्या ढिगाला वळसा घालून, तहसीलच्या उतारापर्यंत. तिथं इंजिनानं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि धुराचा भपकारा सोडून फटफट सुरू झालं. तो उडी मारून सीटवर बसला आणि मागं वळून ओरडला,

"प्रिया, बस लवकर!"

त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बसले.